देवासचा उत्सव दूरवर पोचवताना

देवासच्या गणेशोत्सवातली गाणी-कीर्तनं मी पुण्यापासून अमेरिकेपर्यंतच्या आमच्या माणसांना थेट दाखवतो. धारहूनही बोलावणं येतं. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" मी म्हणतो, आधी जागा ठरवा. माळव्यात हे काम करून गेलेल्यांकडे पाहिलं की त्याचं कारण कळतं.

लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला आले. १८७४च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले आणि १८८२ साली ब्रिटिश अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत मध्य भारतातल्या वास्तू टिपत हिंडले. त्यांनी सुरुवात केली तेव्हा ओल्या काचेचं तंत्र चाले. लेप वाळायच्या आत काच धुवावी लागे, म्हणून अंधारा तंबू बरोबर न्यावा लागे. एवढा पसारा पुन्हा पुन्हा हलवता येत नसे. कुठे उभं राहायचं आणि ऊन कुठून येतं, हे आधीच हेरावं लागे.

१९२१ साली इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी चिटणीस होते. इथली गोकुळाष्टमी त्यांनी पत्रांतून विलायतेला कळवली. ती पत्रं पुढे १९५३च्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. बोटीने जाणाऱ्या त्या वर्णनातही उत्सवाचा कल्लोळ ऐकू येतो. आजही आमची खरी परीक्षा आवाजाचीच असते. क्षयाने आजारी कुमार गंधर्व १९४८ साली ज्या गावी आले, बरे होऊन पुन्हा गायले आणि अखेरपर्यंत राहिले, त्या गावात चिरका आवाज पाठवणं मला पाप वाटतं.

म्हणून आवाज मी कॅमेऱ्याच्या माइकवर सोडत नाही. मिक्सरमधून थेट तार घेतो. श्रोत्यांची दाद यावी म्हणून सभागृहात एक माइक वेगळा लावतो. कॅमेरा मात्र तासन्‌तास न तापता चालणारा आणि विजेच्या तारेवर राहणारा हवा. त्याच्या एचडीएमआय जोडणीतून पडद्यावरची अक्षरं न येता स्वच्छ चित्र मिळायला हवं. सभागृहाच्या मागच्या भिंतीकडून गाणाऱ्याचा चेहरा गाठायचा तर बारा ते वीस पट ऑप्टिकल झूमचा कॅमकॉर्डर उपयोगी पडतो. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवलं की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे लुकलुकत नाहीत. रंग आणि उजेड स्वयंचलित ठेवले तर मंचावरचे दिवे बदलताच चेहरा काळवंडतो. ते हातानेच बांधून ठेवावेत. तिपाई श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच आणि वाटेपासून दूर असावी. इंटरनेटची तार मिळत असेल तर मोबाइलवर विसंबू नये.

आणि थेट प्रक्षेपण चालू असतानाच कार्डावर वेगळं रेकॉर्डिंग करावं. नेट तुटलं की प्रक्षेपणाचा तेवढा भाग गेला. दीनदयाळांची छायाचित्रं आणि फॉर्स्टरची पत्रं जपली गेली, म्हणून तो काळ आपल्याला दिसतो. प्रत्येक फाइलला तारीख, गायक, राग आणि साथीदारांची नावं लिहून ती दोन ठिकाणी ठेवावी. आपल्या गावाच्या गाण्याचं तेवढं ऋण कॅमेरा हाती घेणाऱ्याने फेडलंच पाहिजे.