फारकत : नात्याची आणि हिशेबाची

‘घटस्फोट’ हा शब्द रूढ होण्यापूर्वी मराठीत ‘काडीमोड’, ‘सोडचिठ्ठी’ आणि ‘फारकत’ हे शब्द होते. त्यांपैकी फारकत, जुन्या कागदांतील ‘फारखत’, हा मुळात दस्तऐवजाचा शब्द आहे. हक्क सोडल्याचा, देणेघेणे मिटल्याचा लेख म्हणजे फारखत. भाऊ वाटणी करून विभक्त झाले तरी फारखत, आणि नवराबायको वेगळी झाली तरी फारखतच. नाते तुटणे आणि हिशेब पुरा होणे या दोन्ही गोष्टी भाषेने एका शब्दात बांधल्या होत्या. कायद्याने त्या तशा क्वचितच बांधल्या.

दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला आपण वर्गात बालविवाहाचा आणि संमतीचा खटला म्हणून शिकवतो. ते योग्यच आहे. पण त्याच्या तळाशी मालमत्ताही होती. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई यांनी पुनर्विवाहापूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली होती. (1856च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, तीच तिचा पूर्वपतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेऊन.) आपल्याला पत्नी नाकारली जाते ती या मालमत्तेपायी, असा दादाजींचा आरोप होता. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी ‘पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा हुकूम दिला. विवाह व्हिक्टोरिया राणीने रद्द केला, ही कथा अजूनही लिहिली जाते. प्रत्यक्षात जुलै 1888 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले : दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडली. पैसा पत्नीकडून पतीकडे गेला, हे आम्हांस विशेष वाटते. हिशेब मिटला, नाते मात्र कायद्याने तुटले नाही. 1904 मध्ये दादाजी वारल्यावर डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी वैधव्याचा वेश स्वीकारला.

पुढे चित्र उलटे झाले. 1947च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने आणि 1955च्या हिंदू विवाह कायद्याने नाते तोडता येऊ लागले. हिशेब तसाच राहिला. 1955च्या कायद्याचे 27वे कलम बोलते ते विवाहप्रसंगी दिलेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंविषयी. नंतर दोघांच्या कष्टाने उभे राहिलेले घर त्या शब्दांत बसत नाही. पोटगी मिळते, पण पोटगी म्हणजे वाटा नव्हे. शेजारच्या गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. तेथे विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर मिळकत दोघांची सामाईक धरली जाते आणि घटस्फोटात निम्मी निम्मी होते.

आमच्या तळ्यासारख्या भातशेतीच्या तालुक्यात हा फरक कागदावर दिसतो. नवरा मुंबईला नोकरीला, लावणीकापणी बायकोच्या अंगावर, आणि सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचे किंवा दिराचे. अशी स्त्री वकिलाकडे जाते तेव्हा तिला विचारले जाते ते दागिन्यांच्या पावत्या आणि पासबुक. शेतात घातलेल्या वर्षांची पावती कोणी फाडलेली नसते. परस्पर संमतीने घटस्फोट असेल तर जाणता वकील अटींच्या मसुद्यात स्त्रीधन परत करणे, एकरकमी रक्कम, राहते घर हे सारे लिहून घेतो. जुन्या फारखतीचे काम आज हा मसुदाच करतो. मात्र त्यात काय उतरेल, हे सही करणाऱ्या दोघांच्या बळावर ठरते.