पडद्यावरचे पक्षी आणि आपली चीट

विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंताने १८८३ साली पडद्यांसाठी एक छापील सुती कापड तयार केले. नाव ठेवले 'स्ट्रॉबेरी थीफ', म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. त्याच्या केल्मस्कॉटच्या घरी कस्तुर पक्षी बागेतली फळे पळवत. तेच गडद निळ्या कापडावर वेलबुट्टीत समोरासमोर बसले आहेत. ही नक्षी आजही पडद्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर छापली जाते, आणि अस्सल इंग्रज अभिरुची म्हणून विकली जाते.

पण अशा कापडाला इंग्रजीत म्हणतात 'चिंट्झ', आणि तो शब्द आला 'छींट'वरून. मराठीत तीच 'चीट'. आपल्या आज्या 'चिटाचा परकर' म्हणत, तो हाच शब्द.

सतराव्या शतकात कुतुबशाहीतल्या मच्छलीपट्टण बंदरातून रंगीत सुती कापड जहाजे भरभरून बाहेर जात होते. युरोपात कापडावर छापलेले रंग धुतले की निघून जात. आपल्या रंगाऱ्यांना तुरटीने लाल रंग सुती धाग्यात कायमचा बसवता येत होता. मागणी इतकी वाढली की तिथले विणकर बिथरले. फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० मध्ये आयात रोखली, तर १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच निर्बंध आणले. दरम्यान हुन्नर शिकून घेणे चालूच होते. १७४२ मध्ये केर्दू नावाच्या जेझुइट पाद्रीने दक्षिण भारतातली रंगकामाची सगळी कृती पत्रातून फ्रान्सला कळवली.

ही विद्या त्याहून कितीतरी जुनी. जुन्या कैरोतल्या फुस्तात येथे गुजरातेत छापलेल्या मध्ययुगीन कापडाचे तुकडे सापडले आहेत. कच्छचे मुस्लिम खत्री लाकडी ठशांनी अजरख छापतात. चुना आणि डिंक लावलेली जागा नीळ धरत नाही आणि पांढरी राहते.

मॉरिसने काम उलट्या बाजूने केले. मर्टन ॲबीच्या कारखान्यात तो आधी सगळे कापड निळीत बुडवी, मग ठशाने रंग उडवणारे द्रव्य लावून हवी तेवढी जागा पांढरी करी आणि तिथे लाल-पिवळा रंग भरी. कृती वेगळी असली तरी नीळ, तुरटी आणि लाकडी ठसा हे सामान ओळखीचेच होते.

मॉरिसने हे ऋण लपवले नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात तो इराणी आणि हिंदुस्थानी नमुने बारकाईने पाही. १८९३ मध्ये त्याच संग्रहालयाने इराणचा अर्दबिलचा गालिचा २,००० पौंडांना घेतला, तो मॉरिसच्या शिफारशीनंतर. १८७९ च्या 'द आर्ट ऑफ द पीपल' या व्याख्यानात तर त्याने इंग्रजी राज्य आणि व्यापार हिंदुस्थानातल्या कारागिरीचा घास घेत आहेत, असे उघड सांगितले. सरकार तुरुंगांत स्वस्त गालिचे विणून घेते, ही त्याची तक्रार होती. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही गालिचे विणले जात, हे इथे आठवते.

मुसलमानांनी या देशाला काय दिले, असा प्रश्न आला की आपण बादशहा आणि इमारती मोजू लागतो. समोरचा लढाया मोजतो. रंगाऱ्याचा हात कोणी मोजत नाही. आणि तो हात एकट्या मुसलमानाचाही नव्हता. चीट पिकवणाऱ्या, कातणाऱ्या, विणणाऱ्या, छापणाऱ्या आणि विकणाऱ्या साखळीत हिंदू-मुसलमान दोघेही होते. त्यांना वेगळे काढायला गेलो तर कापडच उसवेल.

अर्दबिलच्या गालिच्यावर मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ हे साल विणलेले आहे. आपल्या चिटावर छापणाऱ्याचे नाव सहसा नसते. त्याची खूण एका शब्दात उरली आहे. आजीच्या तोंडचा तो शब्द निदान आपण तरी विसरू नये.