कुठे जेवलात, कुणाबरोबर जेवलात?

मंडळी, व्याख्यानमालेत खाण्यावर बोलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, आता पाककृती सांगणार. आम्ही पाककृती सांगणार नाही. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. मालाडहून २७१ नंबरची बस धरून, नाहीतर वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून लोक मढला येतात, मासे खातात आणि परतीच्या बोटीतच निकाल लावून टाकतात. बोंबील कुरकुरीत नव्हते, कालवण झकास होतं, सोलकढी पातळ, पुढच्या वेळी शेजारच्या घरी जाऊ. आम्हीही यातलेच. इतिहासाची आणि खाण्याची आवड असलेले आम्ही काही जण अधूनमधून एकत्र जेवायला जातो आणि जेवणापेक्षा जास्त वेळ जेवणाबद्दल बोलतो. हे सगळं आपल्याला इतकं साधं वाटतं की त्याला इतिहास असेल असं मनात येत नाही.

पण आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तुम्ही घराबाहेर काही खाल्लंत, तर लोक पदार्थाबद्दल मत देत नसत, तुमच्याबद्दल देत. पदार्थ कसा होता हे कुणी विचारत नव्हतं. कुणाच्या हातचं खाल्लं, पंक्तीला कोण होतं, एवढंच विचारायचे.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचं, १८९० सालचं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, श्रोत्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, पुण्यातली आणखी बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. झालं! ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा पिणं हा गुन्हा. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं म्हणून सुधारक त्यांच्यावर चिडले, ते वेगळंच. आता गंमत बघा, इतक्या गदारोळात चहा कसा होता याबद्दल एक अक्षर नाही. दूध जास्त होतं की कमी, बिस्किटं खुसखुशीत होती की मऊ पडलेली, कुणाला पडलंय! (आजच्या व्याख्यानानंतरही चहा ठेवलाय बरं का. नावं लिहून घेणार नाही.)

त्याच काळात मुंबईत मात्र दुसरीच निकड होती. १८५४ पासून गिरण्या उभ्या राहू लागल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली. बायकामुलं गावी आणि पुरुष मुंबईत, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. यांनी जेवायचं कुठे? त्यातून खाणावळ वाढली. बाईने आपल्या घरातल्या चुलीवर पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायचा, महिन्याचे पैसे पगाराला घ्यायचे. खाणावळी बहुतेक गावावरून, जिल्ह्यावरून, जातीवरून ठरत. रत्नागिरीकडचा माणूस रत्नागिरीकडच्या बाईकडे, साताऱ्याचा साताऱ्याकडे. म्हणजे घराबाहेर जेवूनही माणूस आपल्या पंक्तीबाहेर गेलेला नसे. पण इथे एक नवी गोष्ट झाली, आणि आम्हाला ती फार महत्त्वाची वाटते. जेवणाचे पैसे मोजल्यावर माणूस जेवणाबद्दल बोलू लागला. आमटीत पाणी घालते, भाकरी जाड थापते, मासळीचा तुकडा लहान देते, ही कुरकुर गिरणीत, चाळीच्या गॅलरीत, नाक्यावर चालायची. घरी बायकोच्या किंवा आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं वेगळं आणि पैसे देऊन जेवल्यावर चार मित्रांना ‘तिकडे जाऊ नको’ म्हणून सांगणं वेगळं.

या कुरकुरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या बाईबद्दल ही बोलणी व्हायची, ती स्वतः उधारीत बुडालेली असायची. मेंबरांचा पगार होईपर्यंत तांदूळ, डाळ, मासळी उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. संप झाला की मेंबरांचे पैसे थांबत, भूक थोडीच थांबते! प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना घेऊन. बँकेचं कर्ज खाणावळवालीच्या नावावर मिळू लागलं आणि सावकाराचा पाश थोडा सैल झाला. गिरणगावच्या इतिहासात कामगारांची नावं येतात, पुढाऱ्यांची येतात. त्यांना रोज दोन वेळा वाढणाऱ्या बाईचं नाव क्वचित येतं. १९८२ च्या संपावर आपण तासभर बोलू शकतो, त्या संपात किती खाणावळींच्या चुली विझल्या यावर दोन वाक्यंही नाहीत.

आता मुंबई सोडून थोडं कोल्हापूरला जाऊ. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर, जातीने महार. मराठा नोकरांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराज तेव्हा गावाला नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःच्या धंद्याला पाठबळ दिलं. गंगारामांनी चहाचं दुकान काढलं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. दुकान नीटनेटकं, चहा चांगला, पण वरच्या जातींचं गिऱ्हाईक फिरकेना. ही गोष्ट कानावर गेल्यावर महाराजांनी आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करायला सुरुवात केली. मोठ्याने हाक मारून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबत बसलेल्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचे. महाराजांसमोर नाही कोण म्हणणार?

पंचहौदचा चहा आणि गंगारामांचा चहा शेजारी ठेवून पाहा. पुण्यात चहा पिणाऱ्यांची यादी छापली गेली ती त्यांना खाली खेचायला. कोल्हापुरात राजाने भररस्त्यात आपलं नाव चहा करणाऱ्याच्या पाठीशी उभं केलं. ‘इथला चहा आम्ही पितो’ एवढंच त्याचं म्हणणं. खाण्याबद्दलचं चांगलं मत किती वजनदार असू शकतं याचं याहून मोठं उदाहरण मराठी इतिहासात आम्हाला तरी दिसत नाही.

मुंबईत हे काम राजाने केलं नाही, इराण्याने केलं. त्यासाठी त्याने काही क्रांती केली असं नाही, तो धंदा करत होता. धोबी तलावचं कयानी १९०४ सालचं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलावर अनोळखी माणूस समोर येऊन बसायचा, तो कोण, कुठला, विचारायची सोय नव्हती. ब्रून-मस्का चहात बुडवताना बाजूच्याला ‘इथला चहा गेल्या वर्षी बरा होता’ म्हणायला ओळख लागत नाही. माटुंग्याला १९४२ मध्ये रामा नायक यांनी उडुपी बोर्डिंग सुरू केलं, गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रमाचं माशाचं जेवण होतं. अनंताश्रमात वाढपी खेकसायचे आणि लोक तरी रांग लावायचे. त्याची जाहिरात कुणी केली नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आता ते बंद झालं, तरी जेवून आलेली माणसं अजून त्याबद्दल भांडतात.

पण सगळीकडे इराण्याचं टेबल नव्हतं. गावोगावच्या हॉटेलांत वेगळे कप, बाहेरचं बाकडं, वरून ओतलेलं पाणी हे चालूच होतं. म्हणून १९५० साली लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेत कलम १५ मध्ये दुकानं, विहिरी, तलाव यांच्या बरोबरीने उपाहारगृहांचाही उल्लेख आला. देशाच्या घटनेत हॉटेलचा उल्लेख कशाला, असं एखाद्याला वाटेल. ज्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं जायचं, त्याला तसं वाटणार नाही. आत येऊ न दिलेल्या माणसाने चटणी तिखट होती की अळणी, हे सांगायचं कसं?

हे सगळं ओलांडल्यावर पुलंचं ‘माझे खाद्यजीवन’ येतं, आणि खाण्याबद्दल मोकळेपणाने, लाज न बाळगता बोलणं मध्यमवर्गीय मराठी माणसाला मानवू लागतं.

आता मढला येऊ. इथल्या लोकांना बाहेर खाणं म्हणजे काय हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, फक्त ते हॉटेलातलं नव्हतं. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी एरंगळला सेंट बोनाव्हेंचरच्या चर्चची जत्रा भरते. पूर्वी वसईपासून बैलगाड्या यायच्या, झाडाखाली चुली पेटायच्या. ईस्ट इंडियन घरांतले फुगे आणि इंद्याल, कोळ्यांचं कालवण, ताटं एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जायची. ख्रिस्ती, हिंदू दोघंही. कुणाचा मसाला जास्त खमंग यावर तिथे वाद झाला नाही असं वर्ष नसेल.

पैसे घेऊन पाहुण्याला वाढणं मात्र इथे अलीकडचं. त्याबरोबर पाहुण्याचं मतही आलं, आणि त्या मताने ताट बदललं. पाहुणा पापलेट मागतो, सुरमई मागतो. मढची ओळख डोल जाळ्याची. त्यात बोंबील येतो, मांदेली येते, जवळा येतो. मग पाहुण्यासाठी बर्फातलं पापलेट बाजारातून आणावं लागतं, आणि दारात उतरलेली मांदेली पाहुण्याला माहीत नसते. बोंबलाचंही तसंच. ताज्या बोंबलात पाणी फार. चिरून, वजनाखाली दाबून ते काढावं लागतं, मग रवा लावून तळला की कुरकुरीत होतो. तेवढ्यावर लोक गुण देतात. पण कोळ्यांच्या घरी बोंबील कालवणातही पडतो, तिथे तो विरघळण्याइतका मऊच हवा. असं कालवण समोर आल्यावर ‘मासा लिबलिबीत’ म्हणून नाक मुरडणारे आम्ही पाहिलेत. मालवणी जेवणाची जीभ घेऊन येणारे नारळ शोधतात. कोळ्यांच्या रोजच्या कालवणात तो असेलच असं नाही, चिंचेवर आणि घरच्या मसाल्यावरच भागतं. ती कमतरता नव्हे, ती रीत आहे.

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी. मढच्या बोंबलाची तारीफ करणाराच माणूस आपल्या इमारतीत मासे खाणाऱ्याला घर द्यायचं नाही या ठरावावर गप्प बसतो. दोऱ्यांवर बोंबील वाळताना दिसले की नाकाला रुमाल लावतो. मासळी ताटात हवी आणि वास मात्र दुसऱ्याच्या घरात राहावा. पूर्वी कुणाबरोबर जेवलात म्हणून बहिष्कार पडायचा. आता काय जेवता म्हणून दार बंद होतं. फरक आहे, पण आम्हाला तो पुरेसा मोठा वाटत नाही.

म्हणून आमच्या मंडळींत मत देण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारायची पद्धत पडली आहे: आज बोटीला काय लागलं, बाजारात भाव काय होता, घरी तुम्ही हे कसं करता? एकदा विचारलं की ताटाबरोबर गोष्टीही येतात, आणि महाग वाटलेली थाळी बऱ्याचदा महाग वाटेनाशी होते. खारट असेल तर खारट म्हणतो, ते सोडत नाही. फक्त ताईंसमोर म्हणतो, बोटीत बसल्यावर नाही.

वर्सोवा-मढ पुलाची चर्चा तुम्ही ऐकत असालच. झाला तर गिऱ्हाईक वाढेल, मतंही वाढतील. तोवर एक सुचवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा ताजं पापलेट मागणारे पुष्कळ येतात आणि नाराज होऊन जातात. तुम्ही याल तेव्हा घरात काय आहे ते विचारा. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला बोंबील असेल, सुकट असेल, तांदळाची भाकरी असेल. बाहेर पाऊस, आत लसूण घालून परतलेल्या सुक्या बोंबलाचा वास. तो आवडला की नाही, ते तिथेच, त्यांच्या ओटीवर बसून सांगा.