परभणीचा कापूस आणि सागरी व्यापार

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि येथील कापसाच्या भावाचे सागरी व्यापाराशी जुने नाते आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातील कापसाच्या व्यापाराला उधाण आले. युद्ध संपताच भाव कोसळले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला व युरोपचा जलमार्ग हजारो मैलांनी आखूड झाला. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील रेल्वेने परभणी मनमाडला जोडली गेली आणि येथील गाठींना मुंबई बंदराची वाट सुकर झाली.

माल भारताचा असला तरी जहाजे मात्र परकीयांची होती. साहजिकच वाहतुकीचे दरही तेच ठरवीत. ही मक्तेदारी मोडण्यास सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबातील वालचंद हिराचंद पुढे सरसावले. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून तिची कोंडी केली; १९२३ च्या करारान्वये सिंदियाला किनारी वाहतुकीपुरती मर्यादा स्वीकारावी लागली. तरीही वालचंद डगमगले नाहीत. विशाखापट्टणम येथील त्यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९५३ मध्ये वालचंद निवर्तले. ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

१९५६ मध्ये अमेरिकेत कंटेनर वाहतुकीचा आरंभ झाला आणि माल चढविण्या-उतरविण्याचा खर्च झपाट्याने घटला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जग जवळ आले. परंतु परदेशातील पीक, तेथील अनुदाने व वाहतुकीचे दर यांचे पडसाद परभणीच्या बाजारातही उमटू लागले. शेतकऱ्याच्या घामाचे मोल त्याने कधी न पाहिलेल्या बाजारात ठरू लागले.

जैन श्रावकाचाराने खोट्या वजनमापांना अचौर्याणुव्रताचा अतिचार मानले आहे. बाजार गावचा असो वा सातासमुद्रापारचा, तराजू सरळ राहिला तरच व्यापार धर्म्य ठरतो. बलवानांनी झुकविलेला तराजू सरळ करण्याची वालचंदांची जिद्द म्हणूनच समाजाच्या नव्या पिढीने स्मरणात ठेवण्याजोगी आहे.