श्रीवर्धनचा हिशेब

हिशेब हा वाण्यासराफांचा विषय. आपल्या मुलास त्याचें काय प्रयोजन, असें सुशिक्षित घरांतूनहि आम्ही ऐकतों. अशा वेळीं आम्हांस श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांची आठवण होते. सिद्दीच्या मुलखांतील हें देशमुखांचें घराणें. दुकानदारीशीं त्याचा संबंध नव्हता. देशावर येऊन धनाजी जाधवांच्या पदरीं वसुलाचें काम करतां करतां बाळाजीपंत जमाखर्चांत मुरले. घोड्यावर ते बेताचेच बसत, म्हणतात. तरी १७१३ सालीं पेशवाईचीं वस्त्रें त्यांस मिळालीं.

१७१९ मध्यें दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या, आणि वांटणीचा प्रश्न उभा राहिला. शेंकडा दहाची सरदेशमुखी छत्रपतींचें वतन म्हणून निराळी ठेवली. चौथाईच्या दर शंभर रुपयांतून पंचवीस ‘बाबती’ राजाची, सहा ‘साहोत्रा’ पंतसचिवांचा, तीन ‘नाडगौंडा’ राजाच्या मर्जींतील माणसांस. उरले सहासष्ट, ते फौज बाळगण्यासाठीं सरदारांकडे. एकाच मुलखाच्या वसुलांत अनेकांचे हक्क असे गुंतले, कीं एकट्यानें फुटून निघणें कोणास सोपें राहिलें नाहीं.

मात्र तलवारीनें मुलूख मिळविणाऱ्यास आपला वांटा किती, हें कारकुनास विचारल्यावांचून समजेना! ग्रँट डफनें या गुंतागुंतीस दोष दिला आहे. आम्हांस तो अर्धाच पटतो. पावकी-निमकी कांहीं कोणी कुलुपांत ठेवली नव्हती. मल्हारराव होळकर मोहिमेवर असतां त्यांची सून अहिल्याबाई घरीं दौलतीचा जमाखर्च पाही. आणि पुढें १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरीं राज्य चालवितांना तोच अभ्यास तिच्या उपयोगीं पडला.