गायक पक्ष्यांची सुरावट-ओळख

गाणे ऐकून गाणारा आपल्या जातीचा आहे का, ओळखीचा शेजारी आहे की परका, हे जाणण्याची गायक पक्ष्यांची क्षमता. गायक पक्ष्यांच्या चार हजारांहून अधिक जाती असून जगातील पक्ष्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती या गटात मोडतात. नाशिक जिल्ह्यात वणी व सप्तशृंग गडाच्या परिसरात सहज ऐकू येणारे दयाळ, बुलबुल, शिंपी आणि साळुंकी हे याच गटातील पक्षी होत. चैत्रात दयाळाचा नर झाडाच्या शेंड्यावरून गातो, तेव्हा ते गाणे मादीसाठी आमंत्रण असते आणि इतर नरांसाठी हद्दीची सूचना.

गाणे शिकणे : पिल्लू आधी प्रौढ नराचे गाणे ऐकून स्मरणात साठवते व नंतर स्वतःचा आवाज त्याच्याशी ताडून पाहत सराव करते. सरावापूर्वीच बहिरे झालेले पक्षी नीट गाऊ शकत नाहीत, हे मासाकाझू कोनिशी यांनी 1965 मध्ये दाखवले. गायनाचे नियंत्रण करणारी मेंदूतील केंद्रे 1976 मध्ये फर्नांडो नॉटेबोम व सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्यात शोधली.

ओळखीचा आधार : काळी एकमध्ये ऐकलेली चाल काळी पाचमध्ये गायली तरी माणूस ती ओळखतो, कारण त्याचे लक्ष स्वरांमधील अंतरांकडे असते. युरोपीय मैनेला (स्टार्लिंग) मात्र पट्टी बदललेली चाल ओळखणे फार अवघड जाते, असे 1980 च्या दशकात स्टुअर्ट हल्स व जेफ्री सिंक्स यांना आढळले. साळुंकी आणि हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरणारी भोरडी हे याच मैनेच्या कुळातले पक्षी आहेत.

या कोड्याचा उलगडा 2016 मध्ये मायका ब्रेगमन, अनिरुद्ध पटेल आणि टिमोथी जेंटनर यांच्या प्रयोगाने बराचसा झाला. स्वरांची उंची काढून टाकली, पण ध्वनीतील ऊर्जेची कमी-अधिक कंपनसंख्यांमध्ये झालेली वाटणी कायम ठेवली, तेव्हा मैनांनी शिकलेल्या ध्वनिमालिका ओळखल्या. संगीतशास्त्रात जिला नादाची जात म्हणतात, तिच्याशी निगडित असलेली ही वाटणी मैनेला उंचीपेक्षा अधिक उपयोगी पडते. कुजबुजीत स्वराची उंची नसली तरी आपल्याला शब्द कळतात, तसेच हे आहे.

सर्व गायक पक्षी मात्र एकसारखे ऐकत नाहीत. उत्तर अमेरिकेतील काळ्या टोपीच्या चिकडीचे दोन स्वरांचे गाणे वरच्या किंवा खालच्या पट्टीत गेले, तरी त्या स्वरांच्या उंचीचे प्रमाण जवळपास तेच राहते. झेब्रा मुनियेला काही मिलिसेकंदांहूनही सूक्ष्म फरक जाणवतात.

नोंदीची पद्धत : यावरून दयाळाचे गाणे सरगमात लिहिणे अपुरे ठरते. त्यात स्वरांची उंची व क्रम येतो. नादाची जात आणि अतिसूक्ष्म कालभेद निसटतात. वणीच्या दयाळाला कशावरून ओळख पटते हे तपासायचे, तर उत्तम ध्वनिमुद्रण करून त्यातील एकेक गुण स्वतंत्रपणे बदलावा, ते पक्ष्याला ऐकवावे आणि त्याचा प्रतिसाद नोंदवावा.