समुपदेशन मानसशास्त्र

उपयोजित मानसशास्त्राची एक शाखा. शिक्षण, नोकरी, विवाह, दीर्घ आजार, वियोग अशा प्रसंगी अडखळलेल्या माणसाला आपला प्रश्न समजून घेऊन स्वतः निर्णय घेता यावा, यासाठी साहाय्य करणे हे तिचे मुख्य काम. तीव्र मनोविकारांचे निदान व उपचार चिकित्सा मानसशास्त्राकडे येतात. प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट आहे. सौम्य चिंता किंवा नैराश्य असलेली माणसे दोन्हीकडे आढळतात.

या शाखेचा उगम रुग्णालयात झाला नाही. तो रोजगाराच्या प्रश्नातून झाला. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले. स्वतःची कुवत व आवड ओळखणे, व्यवसायांची माहिती मिळवणे आणि दोहोंची सांगड घालणे ही त्यांची त्रिसूत्री. त्याच वर्षी ते वारले. ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले. दहावीनंतरच्या कलचाचण्यांमागे आजही तीच त्रिसूत्री आहे, मात्र पहिले सूत्र उरकले की काम संपले असे पुष्कळदा मानले जाते.

चाचण्यांवरून निदान करून समुपदेशकाने दिशा दाखवावी, ही मिनेसोटा विद्यापीठातील ई. जी. विल्यमसन यांची निदेशक पद्धत. कार्ल रॉजर्स यांनी ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ (१९४२) या ग्रंथात तिला छेद दिला. वाट शोधण्याची क्षमता व्यक्तीतच असते. समुपदेशकाने समानुभूती, विनाअट स्वीकार व सच्चेपणा या गुणांनी तिला वाव द्यावा, असे मत त्यांनी पुढे मांडले. या ग्रंथात एका व्यक्तीच्या ध्वनिमुद्रित बैठकांचा जवळजवळ शब्दशः वृत्तान्त आहे. त्यामुळे बंद दाराआडचे संभाषण इतरांना तपासता येऊ लागले. रॉजर्स यांच्या सिद्धान्ताइतकेच हे काम मोलाचे होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनामुळे अमेरिकेत या व्यवसायाला बळ मिळाले. १९५४ मध्ये त्याचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले.

अविवेकी समजुती तपासून बदलण्यावर भर देणारी, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. ठाण्यातील ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था १९९० पासून या क्षेत्रात आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद असल्याने घटस्फोटाच्या दाव्यांत पतिपत्नींची त्यांच्याशी गाठ पडते. तेथे समेट घडवणे हे न्यायालयाचे उद्दिष्ट असते. म्हणून अशा समुपदेशनात रॉजर्स यांना अभिप्रेत असलेली तटस्थता पाळणे अवघड जाते.